उरलेले अन्न वाटण्याआधी थर्मामीटर लावा

संपादक महोदय,

समारंभात उरलेले अन्न गरजूंना द्या, असे सगळेच सांगतात. ते किती अंशांवर ठेवायचे, हे कुणी सांगत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसदरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला भात मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. तिथे बॅसिलस सिरियस या जिवाणूचे विष तयार झाले, की पुन्हा उकळूनही ते जात नाही. म्हणून भात उथळ ट्रेमध्ये, दोन इंचांहून कमी थरात पसरावा. दोन तासांत तो २१ अंशांवर, पुढच्या चार तासांत ५ अंशांवर यायला हवा. नाही आला तर वाटू नये, हळहळ वाटली तरी.

ताटातले उष्टे थेट कंपोस्टला, दुप्पट-तिप्पट वाळका पाला मिसळून. नुसतेच टाकले तर पाणी सुटते, हवा खेळत नाही आणि दुर्गंधी येते.

– एक वाचक