‘घोरतोय, झोपू दे’ : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मी पुण्यात साऊंडचं काम करतो, म्हणजे शो संपल्यावर स्टेजमागे वायरी गुंडाळणारा माणूस, त्यामुळे भाषा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या. विषय नशेच्या ओव्हरडोसचा आणि त्यातून माणूस वाचवण्याचा आहे, पण संगीतामुळे पोरं बिघडतात वगैरे भाषण मला करायचं नाही, ते करणारे भरपूर आहेत.

प्रिन्स हा अमेरिकन गायक तुम्ही ऐकला असेल-नसेल. एप्रिल २०१६ मध्ये अटलांटाचा शो करून घरी परतताना तो विमानात बेशुद्ध पडला, विमान मध्येच मोलीन नावाच्या गावी उतरवलं, विमानतळावरच नॅलॉक्सोन, म्हणजे हेरॉईनसारख्या अफूच्या जातीच्या नशेवरचा उतारा, दिलं आणि पठ्ठ्या शुद्धीवर आला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २१ तारखेला, पेस्ली पार्क या आपल्या घर-स्टुडिओतल्या लिफ्टमध्ये मेलेला सापडला. वय ५७. बरीच वर्षं अंगदुखी होती, त्यावरच्या म्हणून घेतलेल्या गोळ्या नकली निघाल्या, आत फेंटानिल, म्हणजे हेरॉईनच्याच जातीचं पण कितीतरी जहाल औषध. पहिल्या वेळी सोबत माणसं होती, लिफ्टमध्ये कोणीच नव्हतं.

जॅनिस जॉप्लिन ४ ऑक्टोबर १९७० ला लॉस एंजेलिसच्या हॉटेलात हेरॉईनने गेली, २७ वर्षांची, सिगारेट घेऊन उरलेले सुट्टे पैसे तसेच हातात. नॅलॉक्सोनला तिथे मंजुरी मिळाली १९७१ ला. (जिमी हेंड्रिक्स तिच्या १६ दिवस आधी गेला, पण त्याच्या झोपेच्या गोळ्या होत्या, त्यावर हे औषध चालत नाही, उगाच सगळे एका खात्यात टाकत नाही.)

तेव्हा नव्हतंच म्हणा. आता आहे, आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे, पण इंजेक्शन, म्हणजे दवाखान्यात. रात्री दोनला रूमवर डॉक्टर कुठून आणायचा? अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा स्प्रे बिनचिठ्ठीचा मिळतो.

माझ्यासमोर घडलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी शो नंतर एका रूमवर आम्ही पाचजण, त्यातला एक कोपऱ्यात आडवा, घोरत होता. म्हणजे आम्हाला वाटलं घोरतोय. कोणीतरी म्हणालं झोपू दे, दमलाय, आणि मीही हो म्हटलं. तो आवाज घोरण्याचा नव्हता साहेब, श्वास अडकत होता, असल्या नशेत माणूस श्वास घ्यायचंच विसरत जातो. लाईट लावला तर ओठ निळे. दोघंजण तिथूनच चपला घालून पळाले, आम्ही दोघांनी त्याला रिक्षात कोंबला, आणि दवाखान्यात काउंटरवर पहिला प्रश्न काय, तर पोलीस केस आहे का. वाचला, पण आमच्या हुशारीने नाही.

पळालेल्या दोघांवर मी खूप चिडलो होतो, आता तेवढा नाही. एनडीपीएस, म्हणजे आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली नुसतं घेणाऱ्यालाही शिक्षा आहे, तिथे थांबणं म्हणजे स्वतःचं नाव लिहून देणं. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला आपण २०१९ च्या दुरुस्तीत संरक्षण दिलं ना? मग ओव्हरडोसवाल्याला उचलून आणणाऱ्याला का नाही? प्रिन्सच्या मिनेसोटात असा कायदा २०१४ पासून आहे, तो माणूस तरी एकटाच गेला हे खरं, पण आमच्या रूमवर आम्ही पाच होतो.

एनडीपीएस तुमच्या खात्यात नाही, अर्थखात्याच्या महसूल विभागाकडे आहे, हे मला माहितीये, पण फोन तर करता येतो. आणि स्प्रेची मंजुरी तर तुमच्याच खात्याच्या हातात आहे, मिळू दे तो मेडिकलच्या काउंटरवर बिनचिठ्ठीचा, परवडेल अशा भावात. अर्थात त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, दवाखाना चुकत नाही, पण तिथपर्यंत पोचायला श्वास तर चालू हवा.

आमच्या गिटारवाल्यांच्या केसमध्ये जादा तारा, सेल, चिकटपट्टी असं सगळं असतं. एक स्प्रे सहज मावेल.

आपला,
पुण्यातला एक साऊंडवाला