रेकीचा दिलासा आणि रेकीचा दावा

महोदय,

सात वर्षांपासून गुडघेदुखी सोसणाऱ्या माझ्या आईला रेकीच्या, म्हणजे अंगावर किंवा अंगाजवळ तळहात धरून केल्या जाणाऱ्या उपचाराच्या, सत्रानंतर त्या रात्री झोप बरी लागते, हे मी नाकारत नाही. परंतु तळहातांतून वाहणारी ‘ऊर्जा’ दुखणे बरे करते, हा दावा वेगळा आहे. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानमध्ये सुरू केलेल्या या पद्धतीतील ऊर्जा आजवर कोणाला मोजता आलेली नाही. तिच्याच जातकुळीतल्या ‘थेरप्युटिक टच’मध्ये उपचारक माणसाची ऊर्जा आपल्या हातांना जाणवते, असे सांगतात. त्याची परीक्षा अमेरिकेतील एका शाळकरी मुलीने पडद्याआडून घेतली, तेव्हा तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, हे २१ उपचारकांना २८० प्रयत्नांत जेमतेम ४४ टक्के वेळा ओळखता आले. (नाणेफेकीने याहून बरे साधले असते!) हे निष्कर्ष १९९८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ताण आणि अपुरी झोप यांनी जुनाट वेदना वाढते. त्यामुळे शांत पडून राहणे, कोणी आपुलकीने विचारपूस करणे यांचा उपयोग होतोच, आणि तेवढ्यासाठी कोणी रेकी घेतली तर बिघडत नाही. बिघडते ते उपचारकाने गोळ्या आणि व्यायाम बंद करायला सांगितल्यावर. आईने ते ऐकले आणि दोन महिन्यांत तिचे जिना उतरणे थांबले. आता फिजिओथेरपी पुन्हा सुरू आहे. रेकीही आहे, पण डॉक्टरांना सांगून.

– एक वाचक, सातारा