घड्याळवाल्या काकांना एक खुलं आभारपत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

दुरुस्त झालेलं घड्याळ घ्यायला आले तेव्हा आभार मानायचे ठरवूनच आले होते, पण तुम्ही चहा मागवून विषय पावसावर नेलात. म्हणून हे पत्र. नाव आणि दुकानाची गल्ली लिहायची नाही, ही तुमची अट पाळते आहे. "उद्यापासून लोक आजोबांच्या घड्याळांच्या पिशव्या घेऊन येतील आणि माझे डोळे आता तेवढे पुरत नाहीत," हे तुमचं कारण मला पटलं. नाशिक एवढं मात्र लिहिते, त्याला ना म्हणू नका.

आमच्या घरात त्या खिशातल्या घड्याळाची एक ठरलेली गोष्ट होती. पणजोबा जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत गार्ड होते, इगतपुरीला. एकदा ऐन पावसाळ्यात त्यांनी घाटातून गाडी सुखरूप आणली म्हणून गोऱ्या साहेबाने खूश होऊन चांदीचं घड्याळ बक्षीस दिलं. आजी ही गोष्ट सांगायची, मग बाबा, मग आत्या. साहेबाचं नाव दर वेळी वेगळं असायचं.

तुमच्याकडे आणण्याआधी मी ते शहरातल्या आणि मुंबईतल्या काही दुकानांत दाखवलं होतं. एकाने तबकडी नव्याने रंगवून रोमन आकडे टाकून देतो म्हटलं. दुसऱ्याने आतलं जुनं मशीन काढून सेलचं बसवायचा सल्ला दिला, म्हणजे "रोज चावी द्यायची कटकट नाही." तिसऱ्याने हातात घेऊन तिथल्या तिथे भाव केला, आणि मी नाही म्हटल्यावर तो भाव दारापर्यंत वाढत आला. घड्याळ नक्की कोणतं आहे, हे यांपैकी कुणीच सांगितलं नाही. विचारल्यावर "इंग्लिश माल आहे" एवढंच ऐकलं.

तुम्ही आधी मागचं झाकण उघडलंत आणि आयग्लास लावून बराच वेळ नुसतं पाहत राहिलात. मग पहिलं वाक्य बोललात ते असं: "चांदी नाही ही. निकेल आहे." आत्या सोबत होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो. तुम्ही तिला समजावून सांगितलंत की स्विस चांदीच्या झाकणाच्या आत शिक्का असतो, शुद्धतेप्रमाणे रानकोंबड्याचा किंवा अस्वलाचा. इथे दोन्ही नाहीत. सोन्याचं असतं तर बाईचं मस्तक किंवा खार दिसली असती. आत्याने मग आयग्लास स्वतःच्या डोळ्याला लावून खार शोधली, हे तुम्ही हसू दाबून चालू दिलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनी, खाली बॉम्बे आणि कलकत्ता. आम्हाला वाटायचं, नाव वाचलं की ओळख पटली. तुम्ही म्हणालात की हे दुकानाचं नाव झालं, कारखान्याचं नाही. १८८६ साली स्विस मंडळींनी मुंबईत ही कंपनी काढली, आणि तिच्या नावाच्या तबकड्यांखाली वेगवेगळ्या कारखान्यांची मशीनं असत. तबकडी काढल्याशिवाय काही कळायचं नाही. बाजूचे दोन बारीक स्क्रू सैल करून तुम्ही ती पांढरी मिन्याची तबकडी अशा हाताने उचललीत की मी श्वास रोखून धरला. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड भाजून केलेली ही तबकडी, वाकली तर तडकते आणि तडकली की जुळत नाही. सेकंदाच्या छोट्या वर्तुळापासून कडेपर्यंत एक केसभर चीर आहेच. ती तशीच ठेवायची, हेही तुम्ही तेव्हाच ठरवून टाकलंत.

तबकडीखाली पंख असलेलं वाळूचं घड्याळ कोरलेलं निघालं. लाँजिन या स्विस कंपनीची खूण. तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कोरलेला अनुक्रमांक कागदावर उतरवलात, बॅलन्सखालचा, म्हणजे पुढे-मागे डुलणाऱ्या चाकाखालचा, कॅलिबरचा (मशीनच्या नमुन्याचा) आकडा शोधलात, आणि त्यातला पहिला आकडा म्हणजे मशीनचा व्यास असतो, लिन्य या जुन्या फ्रेंच मापात, हे सांगितलंत. एक लिन्य म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. आपलं मशीन एकोणीस लिन्यांचं. मग कॅलिपर लावून मोजलंत आणि स्वतःशीच मान हलवलीत. त्या मान हलवण्याचा मला फार आधार वाटला. अनुक्रमांक वीस लाखांच्या थोडा पुढचा, म्हणजे १९०७-०८ चा असावा, असा तुमचा अंदाज. पण "अंदाज माझा, खात्री त्यांची" म्हणून मला थेट कंपनीला लिहायला लावलंत. स्वित्झर्लंडमधल्या सॅं-इमिये गावी त्यांच्याकडे जुन्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. कोणत्या क्रमांकाचं घड्याळ कधी आणि कुणाकडे गेलं, त्याच्या हाताने लिहिलेल्या नोंदी. उत्तर आलं ते दोन ओळींचं: साल १९०८, माल मुंबईच्या एजंटकडे रवाना. मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही फक्त "बरं झालं" म्हणालात.

इथे जरा विषयांतर करते, कारण हे तुमच्याकडूनच कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. १९०६ च्या जानेवारीपासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली, त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. मुंबई शहराने मात्र आपली जुनी वेळ कित्येक वर्षं सोडली नाही. ती नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे हे घड्याळ मुंबईच्या बंदरात उतरलं तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर एक वेळ होती आणि बोरीबंदरच्या फलाटावर दुसरी. गार्डाच्या खिशात फलाटावरची. पणजोबा सुटीवर शहरात गेले की काय करत असतील, याचा मी बसल्या बसल्या विचार करते.

आता त्या गोष्टीचं, जी तुम्ही सांगावी की नाही म्हणून दोनदा घसा खाकरलात. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला आम्हाला नुसते ओरखडे दिसायचे. तुम्ही टेबलावरचा दिवा खाली आणून उजेड आडवा पाडलात आणि ओरखड्यांमधून अक्षरं वर आली: जी, आय, पी, आर, आणि पुढे एक क्रमांक, त्यातले दोन आकडे कुणीतरी कानशीने घासून टाकलेले. "हे रेल्वेच्या मालकीचं घड्याळ होतं," तुम्ही म्हणालात. "बक्षिसाच्या घड्याळावर नाव कोरतात, नंबर नाही. पुढे रेल्वेने जुना माल म्हणून विकलं असेल, नाहीतर परत करायचं राहून गेलं असेल. घासलं कुणी आणि कशाला, ते घड्याळ सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही."

काका, या एका वाक्यासाठी मला हे पत्र उघड लिहायचं होतं. आमची शंभर वर्षांची गोष्ट तुम्ही खोटी ठरवलीत, पण तिच्या जागी दुसरी रंगतदार गोष्ट ठेवली नाहीत. ठेवली असतीत तर आम्ही ती आनंदाने घेतली असती आणि घड्याळाचा भावही वाढला असता. दुर्मीळ आहे का, असं मी विचारलं तेव्हाही तुम्ही सांभाळून बोललात. वेस्ट एंडची घड्याळं पुष्कळ आली. रेल्वेचा नंबर असलेलं, लाँजिनचं मशीन मूळचंच, आणि तबकडी कुणी रंगवलेली नाही, असं मात्र तुमच्या हातात क्वचितच आलंय. "माझ्या हातात" यावर जोर देऊन. आणि घरी गेल्यावर आत्याने काय म्हणावं? "आपल्या आजोबांनी रेल्वेला गंडवलं म्हणजे!" ती आता हीच गोष्ट जास्त आवडीने सांगते.

दुरुस्तीबद्दल मला फारसं कळत नाही, पण तुम्ही समोर बसवून दाखवलंत म्हणून थोडं लिहिते. बॅलन्सच्या दांडीचं एक टोक मोडलेलं होतं. त्या टोकाची जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. तयार दांडी मिळेना, तेव्हा तुम्ही छोट्या लेथवर पोलादाच्या काडीतून ती कातून काढलीत. पहिली पसंत पडली नाही म्हणून बाजूला टाकलीत. मला दोघींत काडीचा फरक दिसला नाही. मग चाक बसवून ते सगळीकडून सारखं भरतंय का, ते तपासत बसलात. एका बाजूला जरा जड झालं तर घड्याळ उभं ठेवल्यावर एक वेळ दाखवतं आणि आडवं ठेवल्यावर दुसरी. चाकाची कड पितळ आणि पोलाद जोडून केलेली, दोन ठिकाणी कापलेली, म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यात आपोआप सावरून घेते. घाटाखालचा कसारा आणि घाटावरची इगतपुरी यांच्या हवेत रोज ये-जा करणाऱ्याला याचा उपयोग झाला असेल.

नसलेला तास काटा मुंबईहून आला, चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या तुमच्या ओळखीच्या माणसाकडून, जुन्या काट्यांनी भरलेल्या डब्यातून. आकार मिनिट काट्याशी जुळणारा, भोक मात्र थोडं लहान आणि निळा रंग उडालेला. भोक मोठं करायला तुम्हाला फार वेळ लागला नाही. रंगाला लागला. स्पिरिटच्या दिव्यावर पितळेच्या किसात काटा ठेवून तापवलात. आधी गवती पिवळा झाला, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास तो निळा आला. त्या क्षणी काढला नाही तर राखाडी होतो म्हणे. सेकंद काटा त्याच डब्यातला. पण तो मूळ घाटाचा नाही, हे तुम्ही मी न विचारता सांगितलंत.

चावीशेजारचं ते बारीक भोक आम्हाला आजवर गंज वाटायचं! तिथे नखाने दाबायची एक पिन असते, ती दाबून धरली तरच चावीने काटे फिरतात, हे कळल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला. बोट लावून काटे पुढे-मागे करायची आमच्या घरातली रीत कुठून आली, ते तेव्हा उमगलं. तुम्ही केलेली पिन आता बसली आहे आणि बाबा कारण नसतानाही वेळ जुळवत असतात.

आतलं दुसरं झाकण, धूळ अडवणारं, मिळालं नाही. दुसऱ्या घड्याळाचं कापून बसवता आलं असतं. तुम्ही नको म्हणालात.

घड्याळासोबत तुम्ही दिलेली चिठ्ठी मी प्लास्टिकच्या पाकिटात घातली आहे. दांडी नवी, मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) नवी, तास काटा जुना पण दुसऱ्याचा, सेकंद काटा वेगळ्या घाटाचा, पिन हाताने केलेली, तबकडी आणि मशीन मूळचं. खाली तारीख. मोडलेली दांडी आणि जुनी स्प्रिंग कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत. झाकणाच्या आत आधीच्या कारागिरांनी टोकाने कोरलेल्या खुणा आहेत, तुम्ही तुमची कोरली नाहीत. मी म्हटलं होतं कोरा म्हणून. "कागद आहे ना," एवढंच म्हणालात.

घड्याळ दिवसाला दोनेक मिनिटं पुढे जातं. चालेल म्हणाला होतात, चालतंय. रोज सकाळी एकदाच चावी, हा नियम बाबा माझ्यापेक्षा कडक पाळतात.

मजुरीचं बोलायचं राहिलं. लेथवरच्या कामाचे तुम्ही लावलेत त्याहून जास्त पैसे होतात, हे मला दुसरीकडे विचारल्यावर कळलं. पुढच्या आठवड्यात आत्या तिच्या सासऱ्यांचं एचएमटी घेऊन येते आहे, तिच्याकडे एक पाकीट देते. ते परत पाठवू नका. आणि मटन स्ट्रीटवर कधी त्या मापाचं आतलं झाकण दिसलं, तर माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगा. मी वाट बघेन, घाई नाही.

आपली,
इगतपुरीच्या गार्डाची पणती