शेंडा कापण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि फोनवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून नीट बसून लिहितोय. तुझ्या बाल्कनीतल्या ख्रिसमस ट्रीचा शेंडा वरच्या स्लॅबला टेकलाय, माळी म्हणतोय वरून दीड फूट उडवून टाकू, वहिनी म्हणतायत झाडाची रया जाईल, आणि तू विचारतोस की खालच्या दोन फांद्या कापून लावल्या तर एकाची तीन झाडं होतील का. तर पहिलं म्हणजे माळ्याला थांबव. शेंडा कापायचाय हे खरं, पण तो कचऱ्यात जाता कामा नये, आणि खालच्या फांद्यांना तर अजिबात हात लावू नका. का ते सांगायचं तर मला इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या, एका दुर्मिळ झाडापासून, माझ्या कुंडीतल्या वॉलेमाय पाइनपासून सुरुवात करावी लागेल. थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

हे झाड सप्टेंबर १९९४ पर्यंत जगात कुणाला माहीतच नव्हतं. सिडनीच्या वायव्येला दीड-दोनशे किलोमीटरवर वॉलेमाय नॅशनल पार्क आहे, सगळा वालुकाश्माचा मुलूख, खोल अरुंद घळी, वरून बघितलं तर खाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. डेव्हिड नोबल नावाचा नॅशनल पार्क सेवेतलाच रेंजर, त्याला असल्या घळींमधून दोर लावून उतरण्याचा नाद, तो अशाच एका घळीत उतरला आणि त्याला समोर ओळखू न येणारी उंच झाडं दिसली. त्यानं नमुना आणला, तज्ज्ञांनी डोकं लावलं, आणि कळलं की हा अख्खा नवा वंशच आहे. १९९५ मध्ये नाव पडलं वॉलेमिया नोबिलिस. याच्यासारख्याच परागकणांचे जीवाश्म नऊ कोटी वर्षांपूर्वीचे सापडलेत, म्हणजे डायनोसॉर हिंडत होते तेव्हा या झाडाचे पूर्वज उभे होते. आणि आज जंगलात मोठी वाढलेली झाडं शंभराच्या आत. जागा सरकारनं गुप्त ठेवलीय, सामान्य माणसाला तिथं जायला सक्त मनाई.

मनाई का, तर फायटोफ्थोरा, मुळं सडवणारा बुरशीसारखा रोग. तुला हे नाव माहितीय, तुमच्याकडे संत्र्याच्या बागांमधली डिंक्याची भानगड त्याच्याच भाईबंदांमुळे होते. इकडे जी जात आहे ती मातीतून पसरते, बुटाच्या तळाला चिकटलेला चिखलही पुरतो, आणि २००५ मध्ये ती त्या घळीतल्या झाडांमध्ये सापडली, चोरून आलेल्या कुणाच्या तरी पायांनी आली असावी असा संशय आहे. मग २०१९-२० चा वणवा. गॉस्पर्स माउंटनची ती आग पाच लाख हेक्टरच्या वर पसरली होती, आमच्याकडे आठवडेच्या आठवडे धूर, दुपारचा सूर्य केशरी. त्या सगळ्यात आग विझवणारे लोक हेलिकॉप्टरमधून दोरावर त्या घळीत उतरले, पंप लावून झाडांभोवतीची जमीन भिजवली, वरून पाणी आणि आगरोधक टाकलं, आणि झाडं वाचली. काही होरपळली, पण समूह राहिला. ही बातमी बाहेर आली ती जानेवारीत, सगळं झाल्यावर. मी तेव्हा ती परत परत वाचली, अजूनही आठवलं की भरून येतं.

आता मुद्दा असा की हे झाड माझ्या अंगणात आलं कसं? कटिंगमधून. जंगलातल्या बिया थोड्या, त्यातल्या उगवणाऱ्या आणखी थोड्या. त्यामुळे माउंट ॲननच्या बोटॅनिक गार्डनमध्ये आधी मातृवृक्ष तयार केले, मग क्वीन्सलंडमधल्या गिम्पीला मोठ्या प्रमाणावर रोपं झाली. हेतू हा की लोकांना घरात लावायला रोप मिळालं तर चोरून घळीत जायची कुणाला गरज पडणार नाही, आणि जंगलातलं सगळं गेलंच एखाद्या वेळी तर वंश तरी राहील. मला हा विचार फार मोठा वाटतो. कुंडीला पाणी घालताना मी हे कधी विसरत नाही.

आणि तुझं झाड याच्या घरातलंच आहे बरं का. नर्सरीवाले ख्रिसमस ट्री म्हणून विकतात तो अरौकेरिया, दोघांचं कुळ एक, अरौकेरिएसी. तुझ्याकडची जात मूळ नॉरफोक बेटावरची, ते बेटही ऑस्ट्रेलियाचंच. म्हणून वॉलेमायला जे लागू आहे त्यातलं बरंचसं तुझ्या झाडाला लागू पडतं.

माझं झाड आत्ता कसं दिसतंय सांगतो. ऑगस्ट म्हणजे इकडे थंडी संपत आलीय. शेंड्याच्या कळीवर पांढरा थर आहे, मेणबत्तीचं मेण ओघळून गोठावं तसा, राळेचा असतो तो. त्याला इकडे पोलर कॅप म्हणतात. थंडीत वाढ थांबली की हा थर चढतो आणि वसंत आला की आतून पोपटी पालवी तो फोडून बाहेर येते. जुनी पानं गडद हिरवी, नवी पोपटी, त्यामुळे फांदीवर गेल्या वर्षीची वाढ कुठे संपली आणि यंदाची कुठून सुरू झाली ते बोट ठेवून दाखवता येतं. फांदी म्हणजे एकच लांब दांडा, आपल्या आंब्या-जांभळासारख्या तिला पोटफांद्या फुटत नाहीत. टोकाला बियांचा शंकू (पाइनला येतो तसा) धरला की तिचं काम झालं, पुढे ती वाळते आणि अख्खीच्या अख्खी गळून पडते. हे झाड पानं गाळत नाही, फांद्या गाळतं. आणि बुंध्यावर जागोजाग झोपलेले डोळे असतात, ते वेळ आली की जागे होतात आणि सरळ वर जाणारे सोट फुटतात, जंगलात म्हणूनच एका बुडख्यातून अनेक खोडं उभी दिसतात.

तर या झाडात दोन प्रकारची वाढ आहे, उभी आणि आडवी, आणि दोन्हींचा स्वभाव ठरलेला. उभ्या शेंड्याचं कटिंग लावलंस तर त्याचं झाड होतं, सरळ वर जातं, चहूबाजूंनी फांद्या टाकतं. आडव्या फांदीचं लावलंस तरी मुळं धरतात, म्हणूनच माणूस फसतो, रोप जगलं म्हणून खूश होतो, पण ते वाढतं आडवंच. काठी बांधून उभं केलं तर बांधलंय तेवढं उभं राहील, पुढची वाढ परत बाजूला. वर्षानुवर्षं ते फांदीच राहतं. द्राक्षाची काडी लावताना आपण असला विचार करत नाही, काडी पक्की आणि डोळे चांगले असले की वेल होतो. इथे मात्र कटिंग झाडाच्या कुठल्या भागातून आलं यावर त्याचा सगळा जन्म ठरतो. तुझ्या अरौकेरियाचंही डिट्टो हेच. म्हणून म्हटलं खालच्या फांद्या कापू नकोस, त्यांच्यापासून झाड होणार नाही आणि कापलेल्या जागी परत फांदी येणार नाही, खालून कायमचं उघडं पडेल.

तुझ्या घरी याचं उदाहरण आहे, लक्षात आलं का? काकूंच्या गुहागरच्या वाडीत सुपारीवर चढलेली मिरी आणि अंगणातल्या कुंडीतली झुडपासारखी मिरी, झाड एकच. वेलाच्या धावत्या फांदीचं कटिंग लावलं की आधार धरून चढणारा वेल होतो, आणि घोस धरणाऱ्या आडव्या फांदीचं लावलं की चढतच नाही, कुंडीत बसून मिरी देतं, तेच ते बुश पेपर. कोकणातल्या लोकांनी या स्वभावाचा किती छान उपयोग करून घेतलाय बघ. मधूनच त्यातून एखादी लांब वेलासारखी फांदी निघते ती काकू खुडून टाकतात ना, ती का खुडायची तेही आता कळेल.

आता छाटणी. वॉलेमाय छाटणीला घाबरत नाही, उंचीचा दोन तृतीयांश भाग काढला तरी खालून फुटतं, पण वेळ थंडीची हवी, वाढ थांबलेली असताना. मी यंदा शेंडा उतरवला तो याच हिशेबानं. कात्री स्पिरिटनं पुसून घेतली, कारण एका झाडाचा रोग दुसऱ्याला द्यायला कात्रीइतकं सोपं साधन नाही. काप घेतला की चिकट राळ येते, ती पुसायची, काप उघडाच ठेवायचा. शेंडा गेला की बुंध्यावरचे डोळे जागे होतात, नवे सोट येतात ते सगळे उभ्या स्वभावाचे, आणि ते बुडाशी जरा पक्के झाले की कटिंगला घ्यायचे. नर्सरीतले मातृवृक्ष असेच सतत छाटून ठेवतात. म्हणजे छाटणी आणि कटिंग ही दोन वेगळी कामं नाहीतच, एक केल्याशिवाय दुसऱ्याला माल मिळत नाही.

कटिंग चार ते सहा इंचाचं, खालची पाने काढून, मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग पावडर लावून, कोकोपीट (नारळाचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे दाणे) यांच्या मिश्रणात. वरून पारदर्शक पिशवी, उन्हाची तिरीप नको, बुडाला ऊब हवी. मग धीर धरायचा, महिनोनमहिने. मुळं आली का बघायला उपटून बघायचं नाही.

तुझ्यासाठी मात्र मी कटिंगपेक्षा गुटी सुचवीन, म्हणजे शेंडा झाडावर असतानाच त्याला मुळं आणायची आणि मग कापायचा. श्रावण चालू आहे, हवा दमट आहे, डाळिंब-पेरूच्या गुट्या याच दिवसात बांधतात. शेंड्यापासून फूट-सव्वाफूट खाली, फांद्यांच्या एका चक्राच्या थोडं खाली, खोडाची साल इंचभर रुंद गोल काढ. राळ येईल, स्वच्छ फडक्यानं पुसून काढ, थांबेपर्यंत पूस, नाहीतर वरची पावडर धरत नाही. मग रूटिंग पावडर, त्यावर भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) मूठभर, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकं पक्की बांध, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. साल काढलेल्या जागी खोड कमजोर होतं म्हणून बाजूनं काठीचा आधार दे. डाळिंबाला लागतो तेवढाच वेळ लागेल असं समजू नकोस, याला जास्त लागेल. प्लास्टिकमधून मुळं नीट दिसायला लागली की त्याच्या खाली कापून वेगळ्या कुंडीत लाव आणि काही दिवस सावलीत ठेव. स्लॅबचं काय म्हणशील तर तोवर कुंडी बाल्कनीच्या कठड्याकडे सरकव, शेंड्याला मोकळी जागा मिळू दे, दाबला गेला तर कळी मोडेल आणि मग गुटीला अर्थच राहणार नाही.

शेंडा उतरवल्यावर खालच्या झाडाला वरच्या अंगानं बहुतेक एकापेक्षा जास्त उभे फुटवे येतील. त्यातला सगळ्यात सरळ एक ठेव, बाकीचे वीतभर होऊन पक्के झाले की काढ आणि लाव. ते उभेच वाढतील. तुला तीन झाडं हवी होती ना, ती अशी होतील. वहिनींना मात्र खरं सांग, झाड काही काळ वरून बोडकं दिसेल, आणि नवा शेंडा आला तरी पहिल्यासारखं रेखीव शंकूचं रूप बहुतेक येणार नाही. ते मान्य असेल तरच कापा, नसेल तर सोसायटीच्या बागेत खाली लावून द्या, तेही वाईट नाही.

आणखी एक, कुंडीच्या बुडाशी माती बाजूला करून बघ, खोड एक आहे की तीन-चार. नर्सरीवाले भरगच्च दिसावं म्हणून एका कुंडीत अनेक रोपं लावतात. तसं असेल तर अर्धं काम आधीच झालंय, पण जुनी मुळं गुंतलेली असतील तर ओढाताण करून वेगळी करू नकोस. आणि कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेव. या कुळाला पाणी आवडतं पण साचलेलं पाणी मुळाशी आलं की बुरशी आलीच समज.

तू लिहिलंयस की डिसेंबरात येताना वॉलेमायचं एक कटिंग बॅगेत टाकून आण. नाही आणणार रे. भारतात रोप किंवा कटिंग न्यायला आधी इम्पोर्ट परमिट लागतं, इकडून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोप रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला) लागतं, आणि हे नियम नसते तरी मी आणलं नसतं. एवढ्याशा चिखलानं त्या घळीत काय झालं ते वर लिहिलंय, आणि तुमच्याकडे कोकणात सुपारी आहे, मिरी आहे, त्यांना माझ्या बॅगेतून असला रोग लागायला नको. त्यापेक्षा तूच ये, माउंट टोमाहच्या बागेत तुला मोठी झाडं दाखवतो, खोडाला हात लावून बघ.

गुटी बांधशील तेव्हा साल काढलेल्या जागेचा जवळून फोटो पाठव, प्लास्टिक गुंडाळायच्या आधी. आतला हिरवा थर राहिलाय का ते मला बघायचंय, तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. आणि रूटिंग पावडर नर्सरीतून घेताना पक्क्या लाकडाच्या काड्यांसाठीची मागू नकोस, मध्यम पक्क्या काड्यांसाठीची माग. काकूंना आणि वहिनींना नमस्कार.

तुझाच