पोरगं ढ नाही, साहेब! : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस कोल्हापुरातल्या एका पालकाचा नमस्कार.

मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. पत्र मी बोलतोय, लिहून घेतेय माझी थोरली मुलगी. का, ते पुढं येईल.

गेल्या सोमवारी माझा धाकटा, नववीतला, दप्तर टाकून म्हणाला, "पप्पा, मला लेथवर घ्या. शाळा बास." वर्गात उभं करून त्याला धडा वाचायला लावला होता. 'क्रम'चं 'कर्म' झालं, 'घन'चं 'धन' झालं, सगळा वर्ग हसला.

त्याला डिस्लेक्सिया आहे. बुद्धी चांगली आहे, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी त्याला पटकन लागत नाही. व्हर्नियरनं बारीक माप कसं घ्यायचं ते एकदा दाखवलं, दुसऱ्या दिवशी त्यानं मला माप सांगितलं. प्रगतिपुस्तकावर मात्र वर्षानुवर्षं "लक्ष देत नाही", "आळशी". आठवीत नव्या आलेल्या एका बाईंनी पहिल्यांदा शंका काढली. तोवर मी त्याला मारत आलो होतो. शुद्धलेखनाच्या एका चुकीला एक पट्टी. पुढं पुढं मी पट्टी उचलायच्या आधीच तो हात पुढं करायचा. ते आठवलं की मला रात्री झोप लागत नाही.

दहावीला अशा मुलांना वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, पण सरकारी दाखला पाहिजे. त्यासाठी माझे तीन खाडे झाले. एकदा तपासणारे नाहीत, एकदा कागद अपुरे, तिसऱ्यांदा "मुंबईला जाऊन बघा." गेल्या वर्षी पालकसभेत एका अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, दिवाळीपर्यंत तपासणी शिबिर घेतो. दिवाळी झाली, उन्हाळा गेला. विचारलं तर "वरून आदेश नाही." वर कोण आहे साहेब? तुम्हीच ना?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचणही आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखा, शाळेतल्या मुलांची दर ५ वर्षांनी पाहणी करा, पहिली पाहणी २ वर्षांच्या आत करा, हे त्यातच लिहिलंय. कायदा लागू झाला एप्रिल २०१७ ला. त्याच जूनमध्ये माझं पोरगं पहिलीत गेलं. त्याच्या वर्गात तपासायला आजपर्यंत एक माणूस आला नाही. मराठीत चाचणी नाही असंही सांगू नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' चाचणी २०१५ पासून आहे, पहिली ते पाचवीसाठी, मराठीतसुद्धा.

शंभरात पाच-दहा मुलं अशी असतात म्हणे. पाचच धरा. साठ पोरांच्या वर्गात तीन झाली. ती तीन कुठं आहेत? मागच्या बाकावर, नाहीतर माझ्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. आता पोरगं रोज शाळेला जातंय आणि त्याला शिकवायची पद्धतच शाळेकडं नाही. ह्याचा दंड कुणाला लावायचा? शिक्षकांनाही मी सगळा दोष देत नाही. साठ पोरं, वर रोज माहिती भरून पाठवायची, निवडणूक आली की तिकडं पळायचं. घोकून उतरवेल तो हुशार, अडखळेल तो ढ, हीच तुमची शिक्षणव्यवस्था, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या अशीच चाललीय.

डिस्लेक्सिया घराण्यात चालत येऊ शकतो, असं त्या बाई म्हणाल्या तेव्हा मी गप्प झालो. मी दहावीला दोनदा बसलो, दोन्हीदा मराठीतच नापास. बँकेतली स्लिप आजही दुसऱ्याकडून भरून घेतो. मला कुणी तपासलं नाही. पट्टी मात्र मीही खाल्लीय.

त्याच्या दहावीचा फॉर्म भरायच्या आत कोल्हापुरात तपासणी आणि दाखला व्हायला पाहिजे, आणि पहिली-दुसरीच्या पोरांची चाचणी याच वर्षी. तारीख कळवा. चौथा खाडा करून पोराला घेऊन येतो.

आपला,
एक पालक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर