माय, सांदवाडीचं काम मी सोडत नाही

माय,

काल तू फोनवर चिडली अन् मी पण रागात फोन ठेवून दिला, ते काही बरं झालं नाही. बोलण्यात मी तुला पुरतो थोडीच, म्हणून आज तुझ्या आईचा मोबाईल घेऊन ओट्यावर बसलो अन् हे टाईप करून राहिलो. जोडाक्षरं सापडत नाहीत लवकर, चुकलं तर समजून घे.

तुझं म्हणणं असं की 31 वर्षं एसटीत उभं राहून गुडघे गेले, अन् आता रिटायर झाल्यावर बाबा लोकांच्या घरामागच्या सांदवाडीत फुकट निंदण करत फिरतात, लोक हसतात. हसतात ना. परवा पारावर एक जण म्हणे, काय कंडक्टर साहेब, आता गवताचं तिकीट फाडून राहिले काय. मी पण हसलो, जोक चांगला होता.

पण हे सुरू कसं झालं ते तुला नीट माहीतच नाही. आपल्या मागच्या गल्लीतली आजी, जी तुला लहानपणी बोरं द्यायची, ती मागच्या उन्हाळ्यात मोरीपाशी पडली. भांड्याचं पाणी बादलीत भरून वालाच्या आळ्यात टाकायला निघाली होती. 15 लिटरची बादली म्हणजे 15 किलो वजन झालं, अन् म्हातारीचं स्वतःचं वजन 40 तरी असंल काय. पोरगा सुरतेला, तो आला, प्लास्टर करून दिलं, आठ दिवस राहिला अन् गेला, त्याची तरी काय चूक, नोकरी आहे. मी बघायला गेलो तर बुढी पायाचं काही बोलेच ना, खाटेवरून मागच्या दाराकडे बघे अन् म्हणे कडीपत्ता गेला असंल रे. बाहेर 45 डिग्री. मी म्हटलं दोन बादल्या टाकून येतो. त्या दोन बादल्यांचं हे असं झालं बघ.

तू म्हणशील पाणी टाकणं ठीक आहे, बाकीचं काहून. अगं पाणी टाकायला गेलं की गवत दिसते, गवत काढायला बसलं की कुंपणाची काटी मोडलेली दिसते. अन् आता सात घरं झाली. सोबत नववीतली दोन पोरं येतात रविवारी, त्यांना मी पहिलेच सांगून ठेवलं, पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काडीनं उलटायचा, अन् बूट पाहिजेच. विंचू निघालेत दोनदा.

पहिल्या महिन्यात मी एक मोठा घोळ केला, तो तुझ्या आईला पण सांगितला नव्हता. आजी झोपलेली, मी म्हटलं आज वाफा चकाचक करून टाकू, अन् बसलो तर दोन तासात सगळं साफ, एक काडी नाही ठेवली. मोठ्या कौतुकानं दाखवलं तिला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही, चहा पण नाही विचारला. तिसऱ्या दिवशी म्हणे, बाप्पा, ती चिवळीची भाजी होती, तू उकिरड्यावर फेकली. मला अशी शरम वाटली ना. मी तिकडून उचलून आणायला निघालो तर ती हसायला लागली, म्हणे आता बकरीनं खाल्ली असंल, राहू दे, मुळ्या राहिल्या असतील तर येईल पुन्हा. आली पण. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय एक पान उपटत नाही. तिला खुर्ची टाकून देतो मागच्या दारात, ती बोटानं दाखवते, हे काढ, हे राहू दे, हे कुत्र्यानं मोडलं त्याला काडी लाव. कधी कधी तर नुसतीच रागावते, त्यात तिचा दिवस चांगला जाते असं मला वाटते.

मास्तर आजोबांचं तर वेगळंच. त्यांचा संत्र्याचा बगीचा तुला आठवत असंल, बोअर आटले तेव्हा तोडावा लागला, आता घरामागं दोनच झाडं आहेत. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही त्यांना. एक दिवस बुंध्यावर हात फिरवता फिरवता थांबले, म्हणे डिंक लागला बघ बोटाला, डिंक्या रोग आला. मग मला कामाला लावलं. साल खरडून घ्यायची अन् वरून बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद अन् चुन्याचा लेप, लावायची. मी शहाणा, लोखंडी घमेलं घेतलं, त्यात मोरचूद ओतला तर आवाजावरून त्यांना समजलं अन् असे ओरडले की बाजूच्या घरची सून बाहेर आली. प्लास्टिकच्याच बादलीत करायचं म्हणे, लोखंड असलं की मोरचूद खराब होते. दोन झाडांपुरतं 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना अन् 1 लिटर पाणी, दोन्ही अर्ध्या अर्ध्या लिटरात वेगळं भिजवायचं अन् मग एकत्र करायचं. वरून मला विचारतात, रंग कसा आला? मी म्हटलं आभाळासारखा निळा. मग म्हणे, विळ्याचं पातं घासून त्यात बुडव, तांबूस चढलं तर चुना कमी आहे. बुडवलं, तांबूस चढलं, थोडा चुना टाकला, पुन्हा बुडवलं, तेव्हा कुठं पास झालो. पावसाळ्याआधी एकदा अन् पावसाळा सरल्यावर एकदा लावायचं असते. इतकी वर्षं त्यांच्या घरासमोरून एसटी नेली, हे आपल्याला काहीच माहीत नव्हतं बघ.

तू म्हटलं तुमच्या कंपनीत पण वर्षातून एक दिवस वॉलंटिअरिंगचा असते, टी-शर्ट घालून जाता, तसं काहीतरी करा, रोजचं काय लावलं. माय, गवत वर्षातून एकदा येत नाही ना. पाऊस पडला की आठ दिवसात पुन्हा हजर. मागे एका कॉलेजची पोरं आली होती गावात, चांगली होती पोरं, खड्डे खोदले, रोपं लावली, फोटो काढले, पण पाण्याचं कोणी ठरवलंच नव्हतं, आता तिथं नुसत्या काड्या उभ्या आहेत.

अन् गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. आधी गाव झाडायचे अन् मग भाकर घ्यायचे. मी काही त्यांच्या पायाजवळ बसायच्या लायकीचा नाही, मला तर चहा झाल्याशिवाय विळा हातात धरवत नाही, पण लोक हसले म्हणून काम सोडायचं असं आपल्याकडे कोणी शिकवलं नाही एवढं खरं.

गुडघ्याचं तुझं बरोबर आहे. उकिडवं बसणं डॉक्टरनं बंद सांगितलं, म्हणून मी आता ठेंगणं स्टूल घेऊन फिरतो. त्यावरूनच डोक्यात आलं की माझी ही गत आहे तर आजीला कसं जमंल. मग तिची फुटकी सिमेंटची टाकी पडली होती, ती विटांवर ठेवली, कमरेइतकी उंच केली, खाली भोकं पाडली, माती अन् शेणखत भरलं अन् त्यात सांबार, म्हणजे तुमच्या पुण्याची कोथिंबीर, अन् पालक टाकला. आता ती काठी टेकून उभ्या उभ्या सांबार खुडते. वालाच्या आळ्यात एक जुनं मडकं पुरलं, बुडाला बारीक भोक अन् त्यात चिंधीची वात, एकदा भरलं की दोन दिवस पाणी झिरपत राहते. बादली उचलायचं कामच संपलं.

यंदा वालावर काळा मावा आला होता. मी रात्री निंबोळीचा चुरा भिजवला, लिटरला 50 ग्रॅम, सकाळी फडक्यानं गाळून थोडा साबण टाकला अन् संध्याकाळी फवारला. आजीनं माझ्या पाठीमागून चुलीची राख टाकली. मावा गेला. कोणाच्यानं गेला यावर आमचं अजून भांडण आहे.

तर उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं एक थैली पाठवतो, सकाळी उतरवून घे. वरच्या वालाच्या शेंगा आजीच्या मांडवावरच्या, खालची पाच संत्री मास्तरांची. शेंगांचे दोरे नीट काढ, अन् आलू टाकू नको त्यात, वांगं टाक. अन् पोचलं की मला फोन नको करू, आजीला कर, ती कालपासून विचारून राहिली की पोरीला पुण्यात ताज्या शेंगा भेटतात का म्हणून. राखेचं विचारलं तर म्हण की राखेनंच गेला मावा.

बाबा