लाईट गेली की सर्व्हर सापडत नाही, आणि तुमचा माणूस फायरवॉलच बंद करून जातो

प्रति,
सपोर्ट मॅनेजर साहेब,

विषय : बिलिंग सॉफ्टवेअर डेटाबेस सर्व्हरला कनेक्ट न होणे

नमस्कार. सांगलीत आमचा औषधांचा होलसेल धंदा आहे, मी इथं अकाउंट्स आणि कॉम्प्युटर दोन्ही बघते. बिल, स्टॉक, बॅच, एक्स्पायरी सगळं तुमच्याच सॉफ्टवेअरमधे आहे आणि एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे आम्ही वेळेवर भरतो हे तुमच्या रेकॉर्डला असेलच.

प्रॉब्लेम असा की लाईट जाऊन आली किंवा विंडोज अपडेट होऊन सर्व्हर रीस्टार्ट झाला की काउंटरवरची मशीन कनेक्टच होत नाहीत, एरर २६ येतो, सर्व्हर किंवा इन्स्टन्स (सर्व्हरवर चालणारी डेटाबेसची प्रत) सापडत नाही म्हणून. मेडिकलवाले समोर उभे, गाडी माल भरायला थांबलेली आणि पोरं कच्च्या कागदावर बिलं लिहितायत. फोन केला की तुमचा माणूस रिमोट घेतो, सर्व्हरवर सॉफ्टवेअर उघडून दाखवतो आणि म्हणतो बघा मॅडम इथं तर चालतंय, तुमचं नेटवर्क खराब आहे. अहो, सर्व्हरवर चालणारच ना! त्याच मशीनवरून एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, शेअर्ड मेमरीनं (मशीनच्या आतल्या आतच) जोडला जातो, तिथं नेटवर्कचा संबंधच येत नाही. मग पिंग करून दाखवतो. पिंग लागला म्हणजे मशीन चालू आहे एवढंच कळतं, पोर्ट (डेटाबेसशी बोलायचा नंबरी दरवाजा) उघडा आहे का ते नाही कळत.

शेवटी मीच सर्व्हरचा एररलॉग उघडून वाचला. तुम्ही एसक्यूएलचं फुकटचं एक्सप्रेस एडिशन नेम्ड इन्स्टन्स (वेगळं नाव दिलेली प्रत) म्हणून टाकलंय आणि पोर्ट डायनॅमिक (आपोआप ठरणारा, बदलू शकणारा) ठेवलाय, म्हणजे तो नेहमीच्या १४३३ वर नाहीच, लॉगमधे ४९ हजारांच्या पुढचा कुठला तरी नंबर दिसतो. तो नंबर काउंटरच्या मशीनला सांगायचं काम एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर सर्व्हिसचं, यूडीपी १४३४ या पोर्टवरून, आणि ती सर्व्हिस तुमच्या माणसानं मॅन्युअलवर ठेवलीय. रीस्टार्ट झाला की ती बंदच राहते, मग काउंटरला पत्ता कोण देणार? पासवर्ड चुकला असता तर एरर १८४५६ आला असता, तो सर्व्हरपर्यंत पोचल्यावर येतो. आमच्याकडं २६ येतोय म्हणजे गाडी पोचायच्या आधीच अडकलीय, एवढा फरक तरी सपोर्टवाल्याला कळायला पाहिजे की नाही.

पण माझी खरी तक्रार पुढंच आहे. मागच्या वेळी तुमच्या माणसानं ब्राउझर सर्व्हिस हातानं चालू केली, वर सर्व्हरचा फायरवॉल (नको ती कनेक्शन अडवणारी सुरक्षा) पूर्ण बंद केला आणि काम झालं म्हणून कॉल क्लोज केला. आम्हाला सांगितलंही नाही, मला नंतर दिसलं. त्या मशीनवर आमच्या सगळ्या पार्ट्यांची उधारी, जीएसटी नंबर, खरेदीचे रेट आहेत. जानेवारी २००३ मधे स्लॅमर वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) याच यूडीपी १४३४ वरून घुसून काही मिनिटांत जगभर पसरला होता, आणि त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं २००२ मधेच दिलेला होता. आज ते भोक नाहीये हे मला माहितीय, पण म्हणून अख्खा दरवाजाच काढून ठेवायचा का? फायरवॉल मी परत चालू केलाय, आणि आता काउंटर परत बंद पडलेत, कारण एसक्यूएलसाठी एकही रूल तुम्ही टाकलेला नाही.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. कॉन्फिगरेशन मॅनेजरमधे इन्स्टन्सला फिक्स पोर्ट द्या, फायरवॉलमधे फक्त तेवढ्या पोर्टचा रूल टाका आणि तोही आमच्या दुकानाच्या लॅनपुरताच (आतल्या नेटवर्कपुरताच), सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राउटरमधे रिझर्व्ह करा नाहीतर तोही उद्या बदलेल, आणि सगळ्या काउंटरच्या कनेक्शन सेटिंगमधे तो आयपी आणि पोर्ट टाका म्हणजे ब्राउझर सर्व्हिसची गरजच उरणार नाही. आणि हे झाल्यावर सर्व्हर आमच्यासमोर रीस्टार्ट करून प्रत्येक काउंटरवरून एकेक बिल काढून दाखवा, मगच कॉल क्लोज करा. सॉफ्टवेअर काढून परत टाकतो असं कुणी म्हणालं तर आधी बॅकअप माझ्या हातात पाहिजे.

११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी रिटर्न) भरायचाय आणि कच्ची बिलं अजून सिस्टीमला चढवायची आहेत, त्यामुळे रिमोट नको, माणूस पाठवा, ज्याला पोर्ट म्हणजे काय ते माहितीय असा. फायरवॉल कुणाच्या सांगण्यावरून बंद केला त्याचं उत्तर मेलवर लेखी द्या. तोपर्यंत एएमसीचं रिन्यूअल आमच्या मालकांनी थांबवलंय.

आपली,
अकाउंटंट, औषध होलसेल, सांगली